दूरदीपचा पिवळा आणि सात जणींची नावे

मंगळवार, दिनांक १९ नोव्हेंबर २०२४, दुपारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी, तोक्योतल्या एका लहान प्रेक्षागृहात ‘दूरदीप’ या जुन्या ॲनिमेटेड अवकाशमालिकेच्या नव्या रूपाचा पहिला भाग संपला आणि पडद्यावर नामावली आली. तिच्यात ‘दिव्याचा रंग : मूळ दिग्दर्शक मुरोझुमी यांच्या संकल्पनेनुसार’ अशी एक ओळ होती. ती खोटी आहे. जी सात नावे असायला हवी होती, ती नव्हती. हे मृत्युपत्र मी त्या कारणाने लिहीत आहे.

मी, उराता मित्सुए, वय त्र्याहत्तर, जन्म नागासाकीजवळच्या बेटावरचा, राहणार नेरिमा, तोक्यो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. मृत्युपत्र संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहावे, तारीख घालावी, नाव लिहून मोहोर उमटवावी, एवढेच आमचा कायदा मागतो. कोणी मला धमकावलेले नाही, फसवलेले मात्र आहे. ते पुढे येईलच.

कलम एक. नेरिमातले दोन खोल्यांचे घर माझी भाची हिसायो हिला. मागच्या अंगणातले पर्सिमॉनचे झाड तोडू नये. फळ तुरट आहे हे मला माहीत आहे. सोलून, दोरीला बांधून वाळत घातले की गोड होते, आणि तेवढी सवड काढता येत नसेल तर फळ पक्ष्यांना ठेवावे.

कलम दोन. बँकेतल्या शिल्लकीतून माझे अंत्यसंस्कार आमच्या चर्चमध्ये साधेपणाने व्हावेत. उरलेले हाचिओजीच्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या ओगिनो तोकिए हिच्या देखभालीसाठी. तोकिए माझ्याआधी गेली तर तिच्या मुलीला.

कलम तीन. धाकटा भाऊ सेइजी याला माझा दूरदर्शन संच. मी चोवीस वर्षांची असताना, घरी सगळ्यांसमोर जेवताना तो म्हणाला होता, “ताई, रंग भरणं हे काय काम झालं? ते बालवाडीत असतं.” पुढे त्याची मुले ‘दूरदीप’ लागला की ताटावरून उठायची आणि हा त्यांना रागवायचा. सेइजी, संच मोठा आहे. समोर बस आणि बघ.

कलम चार. माझे कुंचले, घोटायच्या काचेच्या कांड्या, पांढऱ्या सुती हातमोज्यांचे अकरा जोड आणि वाळलेल्या रंगांच्या बाटल्या माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेच्या चित्रकला वर्गाला. तिथल्या सिस्टर फिलोमेना सांगायच्या, “खोटं बोलणाऱ्या मुलीचं अक्षर आधी बिघडतं.” हे पान त्यांनी पाहिले असते तर काही ठिकाणी बोट ठेवले असते. कुठे, ते कलम सहामध्ये आहे.

कलम पाच. माझ्याकडे ‘दूरदीप’चे दोनशे चौदा सेल आहेत. सेल म्हणजे पातळ पारदर्शक शीट. पुढून रेघ, मागून रंग. एका भागाला हजारो लागत, आणि चित्रीकरण झाले की कचऱ्याच्या गाडीत जात. हे दोनशे चौदा मी गाडीवरून उतरवून घेतले होते. ते आम्हा सात जणींच्या घरांमध्ये शक्य तितके सारखे वाटावेत. माझ्याबरोबर शवपेटीत ठेवू नयेत. मी चौकशी केली आहे, दहनगृहात प्लास्टिक चालत नाही.

कलम सहा. आता रंगवही.

१९७८ साली ‘दूरदीप’चे रंगकाम नेरिमात, एका टोफूच्या दुकानावरच्या खोलीत चाले. सात बायका, सात टेबले, एक खिडकी. मी सत्तावीस वर्षांची, आणि खोलीची प्रमुख होऊन मला तीन महिने झाले होते. कोणत्या भागात कोणत्या वस्तूला कोणता रंग, किती थेंब, हे मी वहीत लिहीत असे. सेल एकावर एक ठेवले की खालचा मळकट दिसतो, म्हणून खालच्या सेलवर रंग मुद्दाम एक पायरी उजळ लावायचा असतो. ते हिशेबही त्याच वहीत आहेत, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत.

मालिकेत सूर्यमालेच्या शेवटच्या टोकाला एक दीपगृह आहे. वाट चुकलेल्या जहाजांसाठी एक म्हातारे यंत्र तिथे एकटेच दिवा लावत बसते. अकराव्या भागाच्या वेळी दिव्याचा ठरलेला पिवळा संपला. कारखान्याकडून दोन दिवस येणार नव्हता, आणि चित्रीकरण दुसऱ्या दिवशी होते. तोकिए, वय छत्तीस, आमच्यात सगळ्यांत मोठी, उरलेल्या तीन बाटल्यांची तळे खरवडून एक रंग करून घेऊन आली. जर्दाळूच्या आतल्या गरासारखा.

“मित्सुएबाई, हा लावू का? थोडा ऊबदार झालाय.”

मी काडीने सेलच्या कोपऱ्यावर लावून, उलटा करून उजेडात पाहिला.

“लाव,” मी म्हणाले. “मी बघते पुढचं.”

पाच दिवसांनी मुरोझुमीसाहेब जिना चढून आले, बूट न काढता.

“दिव्याचा हा रंग कुणाच्या डोक्यातून निघाला?”

खोलीत सात जणी होत्या. सहा जणी खाली पाहत होत्या. तोकिएने एकदा माझ्याकडे पाहिले. फक्त एकदा.

“माझ्या,” ती म्हणाली.

“मग उद्यापासून येऊ नका.”

परवानगी मी दिली होती. दोन शब्द बोलायचे होते, ‘मी सांगितलं.’ ते मी बोलले नाही. तोकिएने हातमोजे घडी करून पिशवीत ठेवले आणि दारातून म्हणाली, “अगं, भात लावलाय. गार व्हायच्या आत खाऊन घ्या सगळ्या.” आम्ही खाल्ला. मीही खाल्ला.

तीन आठवड्यांनी मुलांची पत्रे यायला लागली. दिवा बघून रडू आले, दिवा खरा वाटतो, दिवा आजीच्या घरासारखा आहे. साहेबांनी रंग ठेवला. एका मासिकाने त्याला ‘मुरोझुमी पिवळा’ म्हटले आणि साहेबांनी नाकारले नाही. तोकिएला कोणी परत बोलावले नाही. मीही बोलावले नाही. ती पुढे एकवीस वर्षे एका शाळेच्या भटारखान्यात काम करत होती. साहेब वारले तेव्हा त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही उरले नाही असे लिहायला मी पेन उचलला होता. खाली ठेवला.

नामावलीत तेव्हा आमच्यापैकी एकीचेही नाव नव्हते. ‘रंगकाम’ आणि पुढे खोलीचे नाव, बस.

यंदा ऑगस्टमध्ये नव्या मालिकेचे निर्माते कुनिएदा माझ्या घरी आले. वय चौतीस, बूट व्यवस्थित काढून ठेवणारे. त्यांनी कुठूनतरी मिळवलेल्या एका जुन्या सेलवरचा रंग यंत्राने मोजला होता, आणि पडद्यावर दिवा मुळ्याच्या पिवळट लोणच्यासारखा फिका दिसत होता.

“बाई, यंत्र चुकीचं मोजत नाही हो,” ते म्हणाले.

“यंत्र बरोबरच मोजतंय. तुम्ही खालचा सेल मोजलात. त्याच्यावर दोन सेल असायचे.”

मी वहीचे एक पान उघडून दाखवले. त्यांनी फोनने फोटो काढला. मी एकच अट घातली, सात जणींची नावे, तोकिएचे पहिले. “नक्की, नक्की,” ते तीनदा वाकून म्हणाले. तोंडी.

त्याच आठवड्यात मी हाचिओजीला गेले आणि शेहेचाळीस वर्षांनी प्रथमच तो विषय काढला. परवानगी मी दिली होती हे डोळ्यांत बघून सांगितले. तोकिए हसली. “मला काय माहीत नाही? विचारायला मीच आले होते की.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्या नव्या मालिकेत माझं नाव येईल का गं?”

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी ‘येईल’ म्हणाले. तिचे हृदय थकले आहे. डॉक्टर वसंताबद्दल बोलायचे टाळतात.

आणि मग १९ नोव्हेंबर. प्रेक्षागृहाबाहेर मी कुनिएदांना गाठले.

“नावं कुठे आहेत?”

“बाई, हा मुद्दा परत नेऊन त्यावर विचार करतो.”

“परत कुठे नेता?”

“निर्मिती समितीकडे.”

“समितीत कोण असतं?”

“आठ कंपन्या आहेत.”

“त्यातला माणूस कोण? मला एक माणूस सांगा.”

त्यांनी दोन्ही हातांनी बीनच्या मिठाईचा डबा पुढे केला. मी घेतला. मिठाईचा काय दोष? आमच्याकडे ‘परत नेऊन विचार करतो’ याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो, हे तान्ह्या पोरालाही कळते. मला कळत नाही असे त्यांनी धरले, याचा राग जास्त आहे.

म्हणून असे ठरवते. रंगवही, तिच्या एकशे अठ्ठ्याऐंशी पानांसह, ज्यांतले फक्त एक समितीने पाहिले आहे, आजपासून ओगिनो तोकिए हिच्या मालकीची आहे. ही मृत्यूनंतरची देणगी नव्हे. वही तिच्या उशाशी पोहोचलीही आहे. उरलेल्या पंचवीस भागांचे रंग ज्यांना हवे असतील त्यांनी तिच्याकडे मागावेत. तिने मला सांगून ठेवले आहे, “नावं छापली तर देईन. सगळ्यांची. माझं एकटीचं नको, लाज वाटेल.”

नावे अशी : ओगिनो तोकिए, कानेमारू शिझू, बांदो मासाए, त्सुकुदा हारुयो, इनागाकी किमी, मिबू साचिए, उराता मित्सुए. यांपैकी चौघी आता नाहीत. त्यांचीही हवीत. माझे शेवटी घालावे. गाळले तरी माझी तक्रार नाही, पण ते गाळण्याचे कारण तरी खरे असावे.

कलम सात. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम हिसायोने करावे. ती परवा फोनवर म्हणाली, “आत्या, तू अजून ठणठणीत आहेस, एवढी घाई कशाला?” घाई मला नाही, हिसायो. हाचिओजीला आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी तरी दोघांना बोलावले, कारण या प्रकरणात आजवर कोणीच कशाखाली नाव लिहिलेले नाही. काइसाहेबांनी वाचून विचारले, “उराताबाई, मृत्युपत्रात एवढं भांडण चालतं का?” मी म्हटले, “मेल्यावर माझ्या वतीनं तुम्ही भांडणार आहात का?” त्यांनी सही केली.

साक्षीदार : सेरिझावा नोबुए, शेजारीण (सही व मोहोर)
साक्षीदार : काइ योशिरो, निवृत्त टपाल कर्मचारी (सही व मोहोर)

उराता मित्सुए (सही व मोहोर)
नेरिमा, तोक्यो. सोमवार, दिनांक २ डिसेंबर २०२४

नक्कल रवाना : ‘दूरदीप’ निर्मिती समिती, पोचपावतीच्या टपालाने.

पहिला भाग शनिवार, ११ जानेवारीला प्रसारित होणार आहे. नामावली बदलायला अजून वेळ आहे, हे मी त्याच धंद्यात बत्तीस वर्षे काढली असल्याने जाणते. मुरोझुमींची ती ओळ काढून सात नावे प्रत्येक भागात घालणार की नाही, याचे लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक २० डिसेंबर २०२४, सायंकाळी पाच वाजेपर्यंत वरील पत्त्यावर हातात पडावे. होय किंवा नाही. ‘विचार करतो’ हे उत्तर धरले जाणार नाही. अक्षरे मोठी असावीत, कारण ते उत्तर मी ओगिनो तोकिए हिला वाचून दाखवणार नाही, ती स्वतः वाचणार आहे. आणि खाली समितीचा शिक्का नको. एका माणसाचे नाव हवे.