जय कोणाचा?

३ फेब्रुवारी १८१४
पुन्हा फौज! नाताळपासून तिसरी. आधी प्रजासत्ताकवाले, मग स्पेनच्या राजाचे, आज परत प्रजासत्ताकवाले. दोन्हीकडे आमचीच व्हेनेझुएलाची पोरं — अनवाणी, फाटकी. कोण कोणाचा, सख्ख्या आईलाही सांगता यायचं नाही. गावाने नेहमीप्रमाणे अगदी मनापासून स्वागत केलं. सवय आहे!

९ फेब्रुवारी
माझा धाकटा भाऊ फुल्हेन्सिओ प्रजासत्ताकाचा लेफ्टनंट झालाय. दुकानातलं चीज फस्त केलं, वर स्वातंत्र्यावर भाषण ठोकलं. जाताना प्रजासत्ताकाची पिवळी-निळी-तांबडी फीत ठेवली. "ताई, दाजींच्या टोपीला टाच. कॅनरी बेटांवरचे सगळे स्पेनच्या राजाचे; तिथं जन्मलेला दिसला की मारा, असा आम्हाला हुकूम आहे."

आमचे हे, बाल्तासार, म्हणाले, "वीस वर्षं इथं चीज विकतोय. जन्म कुठं घेणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं!"

टोपी मात्र मुकाट्याने माझ्या हातात दिली.

२० फेब्रुवारी
प्रजासत्ताकवाले पळाले. फीत पिठाच्या डब्यात.

२६ फेब्रुवारी
आता गावात राज्य कोणाचंच नाही, वाटांवर गस्ती मात्र दोघांच्याही. भाले रोखून विचारतात, "जय कोणाचा?" दामियान न्हावी काल ऐटीत म्हणाला, "राजाचा!" समोर प्रजासत्ताकवाले; त्यांना "मातृभूमीचा" ऐकायचं होतं. दुसरा शब्द काढायच्या आत भाला आरपार. बिचारा आयुष्यभर बडबडला, पण चुकला तो एकाच शब्दात.

बाल्तासारना बजावलंय — तोंड उघडायचं नाही. बेटावरचे हेल काही केल्या लपत नाहीत. एकच शब्द बोलायचा, तोही मी सांगेन तो.

"लग्न झाल्यापासून तेच करतोय की!" म्हणाले. हसले मेले! कालच दामियान गेला आणि यांना विनोद सुचतात.

५ मार्च
गल्लीच्या तोंडाशी भाले! कोणाचे, कळत नाही. दाराशी उभी राहून कानोसा घेतला — आणि ते हसणं! फुल्हेन्सिओचं! हजारात ओळखेन. देव पावला! फीत टोपीला टाचली. "अहो, तुम्हीच पुढं व्हा. मोठ्यानं म्हणा, मातृभूमीचा!"

निघाले.

६ मार्च
फुल्हेन्सिओच होता. मागल्या महिन्यात पकडला गेला आणि जीव वाचवायला राजाच्या फौजेत शिरला. भाले राजाचे होते. बाल्तासार दारातच पडले. भाऊ मान खाली घालून उभा.

बाल्तासार आपल्या हेलात दोन वाक्यं बोलले असते, तर बेटावरचा आपला माणूस म्हणून राजाच्या त्या लोकांनी मिठी मारली असती. मी बोलू दिलं नाही.