निरोपाचा डावा हात

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझे बाबा शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवताहेत आणि दर पाच मिनिटांनी मला चार अक्षरी पक्षी विचारताहेत, म्हणजे तब्येत उत्तमच. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघी हवेबद्दल बोलतो, तुझ्या दवाखान्यातल्या कुरकुऱ्या पेशंटांबद्दल बोलतो, आणि जरा खऱ्या गोष्टीजवळ आलो की तुझी बेल वाजते नाहीतर माझं दूध उतू जातं. इतकं दूध आपल्या घरात कधीच येत नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणून आज गॅस बंद करून लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात एक संशोधक बाई आल्या होत्या. गळ्यात चष्मा, हातात रेकॉर्डर आणि समोरच्याच्या वाक्यावाक्याला मान हलवायची सवय. माझ्या ‘निरोप’वर त्यांनी प्रबंध लिहिलाय. चारशे बारा पानं! अगं, नाच सगळा मिळून अकरा मिनिटांचा. बोटीवरून माणूस निघून जातो आणि धक्क्यावर बाई मागे उरते, एवढीच त्याची गोष्ट. त्यांचं तिसरं प्रकरण फक्त माझ्या डाव्या हातावर आहे. नाव ‘रोखलेला हात’. नाचाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तो हात कमरेवर घट्ट असतो, बोट दिसेनाशी झाली तरी उठत नाही, निरोपाच्या नाचात निरोपाचा हातच हलत नाही, यावर बाईंनी अठ्ठेचाळीस पानं खर्ची घातली आहेत. मला म्हणाल्या, “ताई, या हातात तुम्ही काय काय धरून ठेवलंय!” मी खिडकीबाहेर बघितलं. त्या हातात मी नेमकं काय धरलं होतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. नाडी. हो, पोशाखाची नाडी.

नीट सांगते. एकेचाळीस वर्षांपूर्वी, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, ‘निरोप’चा पहिला प्रयोग होता. आपल्या शिंपीदादांनी पोशाखाच्या घेराला इलॅस्टिक घालून आणलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची आणि डोक्यात हवा गेलेली. म्हटलं, कलाकाराने इलॅस्टिकवर नाचायचं? काढा ते! दादा बिचारे म्हणाले, “बाई, नऊ मीटरचा घेर आहे, नाडीला पेलायचा नाही.” मी ऐकते होय! त्यांनी मुकाट्याने नाडी ओवली. पाचव्या मिनिटाला मी गिरकी घेतली आणि कमरेपाशी काहीतरी तट्कन तुटलं. भरलेलं नाट्यगृह, पहिल्या रांगेत सासू-सासरे, आणि नऊ मीटर कापड खाली निघालेलं. डाव्या हाताने कंबर जी पकडली ती पडदा पडेपर्यंत सोडली नाही. उरलेली सहा मिनिटं जीव मुठीत धरून नाचले. लोकांना माझ्या चेहऱ्यावर जे विरहाचं दुःख दिसलं, ती निव्वळ घाबरगुंडी होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षकाने लिहिलं की निरोपाचा हात उचलायला नकार देणारी स्त्री रंगमंचावर प्रथमच दिसली. मी ते सात वेळा वाचलं आणि आठव्या वेळी मला ते पटलं. एकटे तुझे बाबा तेवढे प्रयोग संपल्यावर म्हणाले होते, “छान झालं. पोटात दुखत होतं का?” त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. पुढच्या प्रयोगाला मी गुपचूप इलॅस्टिक घालून घेतलं, पण हात कमरेवरच ठेवला, कारण लोक तोच बघायला आले होते. मग बक्षीस मिळालं, मग वर्ग सुरू झाला, आणि मुलींच्या तुकड्याच्या तुकड्या कमरेवर हात ठेवायला शिकून बाहेर पडल्या. एका डावखुऱ्या मुलीने चुकून उजवा हात ठेवला, तर मी तिला आठवडाभर फैलावर घेतलं. एकीने विचारलं, बाई, हात ठेवताना मनात काय आणायचं? मी डोळे मिटून म्हटलं, “आयुष्य.” शिंपीदादा कोपऱ्यात टाके घालत बसलेले असायचे. असं काही ऐकलं की त्यांना नेमकी खोकल्याची उबळ यायची.

तर त्या संशोधक बाईंना मी खरं सांगून टाकलं. एवढी पानं बघून माझी मलाच लाज वाटली. नाडीपासून सासू-सासऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्डर बंद केला, माझा हात हातात घेतला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “केवढी ही नम्रता!” मी शिंपीदादांना साक्षीला बोलावते म्हटलं, तर त्यांनी वहीत टिपलं की ताई कारागिरांचंही ऋण मानतात. म्हणजे बघ, चाळीस वर्षं खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि खरं बोलायला गेले तर कुणी ऐकून घेईना. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, “एक माणूस विश्वास ठेवेल. पण तिला तू सांगायची नाहीस.” एवढं बोलून ते कोड्याकडे वळले. मला त्यांचा इतका राग आला की मी कपाट आवरायला काढलं.

भिंगरी, तू एकोणीस वर्षांची होतीस. सोळा मुलींसमोर ‘निरोप’ची तालीम करत होतीस. शेवटी, जिथे बोट दिसेनाशी होते तिथे, तुझा डावा हात कमरेवरून सुटला. कानामागून वर गेला, बोटं एकेक करून उघडली, आणि संगीत थांबलं तरी तो वरच राहिला. मी टाळी वाजवून विचारलं, हे काय नवीन? तू म्हणालीस, “आई, मी नाही नेला, आपोआप गेला. पाठच तिकडे नेते.” आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुला दुःख म्हणजे काय ते कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याने नाचू नये. तू नाचाची पिशवी खुंटीला अडकवलीस आणि निघून गेलीस. पुढच्या महिन्यात शिकायला दुसऱ्या शहरात निघालीस, तेव्हाही मी दारात कमरेवर हात ठेवून उभी होते. तू गाडीतून मागे वळून बघितलंस. मला हात हलवायचा होता गं, खरंच होता. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तर आता ऐक. तू केलीस ती चूक नव्हती. मूळ नाचात हात तसाच होता. नाडी तुटायच्या आधी दोन महिने, स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावून, मी तो बसवला होता. कुणीही बघितला नव्हता. पाठ आणि मान मी त्या हातासाठीच रचली होती, आणि तुझ्या अंगाला ते कुणी न सांगता कळलं. त्या दिवशी मला राग आला नव्हता, मी घाबरले होते. इतक्या वर्षांचं माझं खोटं तू अकराव्या मिनिटाला उघडं पाडलंस. आणि शिक्षा मी तुला दिली. मला माफ कर. पुढच्या महिन्यात वर्गाचा ‘निरोप’ आहे, आणि मी ठरवलंय की या वेळी हात उठेल. बाईंचं तिसरं प्रकरण कोसळेल, त्याला माझा इलाज नाही. पण पंधरा दिवस झाले, मी रोज आरशासमोर उभी राहते. हात कानापर्यंत येतो आणि थांबतो. तिथून पुढे तो कुठून जायचा, किती वळायचा, काही म्हणजे काही आठवत नाही. मीच बसवलेला नाच माझ्या अंगातून पुसून गेलाय, तो आता जगात फक्त तुझ्यापाशी आहे. दोन दिवसांची रजा काढ आणि ये. मला शिकव. नाही जमलं, तर सोळा मुलींसमोर मला खुशाल रागाव.

तुझीच,
आई