गाडी फक्त माझ्याच हातात बंद पडते

सोमवार, ४ तारीख
आज पुन्हा. स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि दिवे, रेडिओ, इंजिन सगळं गपगार. किल्ली पुन्हा फिरवली की जणू काही घडलंच नाही अशा थाटात सुरू. मागच्या टेम्पोवाल्यानं माझ्या खानदानाची विचारपूस केली. मीही त्याच्या खानदानाची केली.
कॉलेजात माझ्या वर्गात होती ती रविवारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चाललीय. तिनं आपण होऊन फोन केला, स्टेशनला सोडशील का? बॅगा जड आहेत म्हणाली, पण ते निमित्त. गाडीत सगळं सांगून टाकणार.
त्याआधी गाडी दुरुस्त. स्वतःच्या हातानं. अर्धं का होईना, इंजिनिअरिंग केलंय.
निर्धार: रविवारपर्यंत डोकं शांत.

मंगळवार, ५
बाबा गाडी ऑफिसला घेऊन गेले, घेऊन आले. काही झालं नाही. म्हणाले, माझ्या हातात लोण्यासारखी चालते, गाडीलाही माणसं कळतात. ताई फिदीफिदी हसली. ताईशी बोलणं बंद.
बाबांची किल्ली सुतळीत बांधलेली. सौंदर्यदृष्टी शून्य. माझ्या जुडग्यात घराच्या किल्ल्या, कॉलेजच्या लॉकरची किल्ली (परत मागायला येऊ देत, बघतो) आणि तिनं दिलेलं पितळी कासव. वर्गात चिठ्ठ्या टाकून भेटी वाटल्या, तेव्हा तिच्याकडून नेमकं मलाच आलं. इतकं पितळ कोणी उगाच देत नाही.
बॅटरीची टोकं घासून लख्ख केली. प्रश्न मिटला.

बुधवार, ६
मिटला नव्हता. डेअरीसमोर बंद. बॉनेटला लाथ घातली. बॉनेटला पोचा, अंगठ्याला सूज. पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली, असं बाबांना सांगितलं. त्यांनी त्या कोणीतरीच्या बुटाचा नंबर विचारला.

गुरुवार, ७
मोबाइलवर व्हिडिओ बघून डॅशबोर्ड उघडला. ज्या वायरींच्या तोंडावरच लबाडी दिसत होती त्या कापल्या, नव्यानं जोडल्या. काही स्क्रू उरले. कंपनीनं उगाच जास्तीचे ठोकले होते.
रात्री: डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. किरकोळ आहे. डावीकडे वळायचं नाही.

शुक्रवार, ८
आईनं मला न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं बाबांची किल्ली घेऊन चक्कर मारली. अर्थात गाडी साळसूद. म्हणाला, चोर हजर नाही, पंचनामा कशाचा करू? मी म्हटलं, काम येत नसेल तर तसं सांग. तो म्हणाला, डॅशबोर्ड कोणी कुरतडला तेवढं सांगू शकतो. हाकलून दिला.
(आई म्हणते तो आपणहून गेला.)

शनिवार, ९
दिवसभर टेप गुंडाळली. आता बंद पडणं शक्यच नाही. काय बोलायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं. दाराबाहेरून ताई म्हणाली, आवाज जरा खाली घे, प्रेमात आहेस की भांडणात?

रविवार, १०. सकाळ
निघतोय. कासव घासून चमकवलं.

रविवार. संध्याकाळ
स्टेशनच्या अलीकडे, स्पीडब्रेकरवर, बंद.
मी स्टीअरिंगवर बुक्की मारली. कंपनी, बाबा, इलेक्ट्रिशियन सगळ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, एक मिनिट तोंड बंद ठेवशील? मग वाकून तिनं माझं जुडगं तळहातावर उचलून धरलं. म्हणाली, कर सुरू. झाली. पुढच्या स्पीडब्रेकरवर तिनं मुद्दाम हात काढला. बंद. पुन्हा धरलं. सुरू. म्हणाली, एवढं लोढणं लटकवल्यावर किल्ली खाली ओढली जाणारच ना, आतला खटका सैल झालाय.
मग स्टेशनपर्यंत तिचा हात माझ्या कासवाखाली. इतक्या जवळ कधीच नव्हता. आता सांगायचंच, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं विचारलं, हे भलंमोठं कासव कोणी मारलं रे तुझ्या गळ्यात?
मी म्हटलं, आत्यानं.
बॅगा उतरवताना म्हणाली, लॉकरची किल्ली अजून आहे ना, मग परत जा की कॉलेजात. आणि गेली.
बाहेर पडायला डावीकडेच वळावं लागलं. हॉर्न असा वाजला की अख्खं स्टेशन वळून बघायला लागलं. ती सोडून.
बाबांनी विचारलं, सापडला का दोष? म्हटलं, वायरिंग.
येताना कासव खिशात होतं. सगळे स्पीडब्रेकर मुद्दाम जोरात घेतले. गाडी एकदाही बंद पडली नाही. हरामखोर.