रजईतला भाऊ

ता. ४ डिसेंबर

ती. ताईंना भावजयीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली रजई पोचली. राग मानू नका, पण ती माझ्या जिवावर उठलीय. गोठलेल्या दवानं छपरं निसरडी झाली म्हणून ठेकेदारानं काम थांबवलं, तेव्हापासून तुमचे बंधुराज तिच्यात शिरलेत ते जेवायलाच बाहेर येतात. गेल्या साली असेच हिवाळाभर लोळले आणि काम उघडल्याबरोबर कौलांचा भारा घेऊन शिडी चढायला गेले. मधेच कंबर धरली, चौघांनी खाली उतरवलं. डॉक्टरांनी बजावलंय, रोज चाला, अंग हलतं ठेवा, पुन्हा कंबर गेली तर शिडी कायमची सुटली. मी चला म्हटलं की म्हणतात, बिनकामाचा हात हलवत फिरलो तर लोक हसतील. वर तुमचा दाखला देतात, ताईनं आराम कर म्हणून लिहिलंय! आता तुम्हीच कान उपटा.

तुमची भावजय

ता. १२ डिसेंबर

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. थंडी त्याला लहानपणापासून सोसत नाही. वर्षभर छपरावर राबतो, चार दिवस पडला तर बिघडलं कुठे? कंबरेला तेल चोळ, शेक दे. आणि रजईला नावं ठेवू नकोस, टाके घालताना डोळे गेले माझे.

तुझी ताई

ता. २० डिसेंबर

ती. ताईंना सा. न.

तेल चोळून माझेच हात भरून आले. काल हे बूट घालायला वाकले ते अर्ध्यातच अडकले. एवढ्या मोठ्या बाप्याच्या पायात मी बूट चढवले. यांच्या टोळीत काम उघडलं की पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपला भारा वर न्यायचा असतो. ज्याला जमलं नाही त्यानं खाली गारा कालवायचा, तो कायमचा. गेल्या साली कंबरेकडे बघून मुकादमानं एकदा माफ केलं, यंदा नाही करणार. हे माघार घेणार नाहीत आणि कंबर साथ देणार नाही. डोळे मिटले की मला हे शिडीवरून पडतानाच दिसतात. ताई, तुमच्या लाडानं हा माणूस मरेल. लिहून टाकलं, खोडणार नाही. मी हरलेय.

भावजय

ता. ३ जानेवारी

चि. सौ. वहिनीस आशीर्वाद.

फार लागलं तुझं पत्र. तोंड फिरवून बसले होते. पण त्याला बूट घालता येत नाही हे डोक्यातून जाईना. आता ऐक. यापुढे माझी पत्रं घरी येणार नाहीत. टेकडीवरच्या टपाल कचेरीत त्याच्या नावानं राहतील, दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत. त्याला सांग, ताई आजारी आहे, खुशाली तिथेच कळेल. खोटं माझं, मी निस्तरेन. बहिणीचं पत्र आणायला जाणाऱ्याला कोण हसतंय?

ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

पहिल्या दिवशी टेकडी चढून आले ते गुडघे धरून, टपालखात्याला शिव्या घालत. आता पत्र असो नसो, रोज जातात. टपालवाला विचारतो, ही बाई बरी का होत नाही एकदाची? परवा पाकिटातून कोरा कागद निघाला तर घाबरून पांढरे पडले. विषय संपले असतील तर भाजीचे भाव लिहा, पण लिहा. बूट आपले आपण घालतात. पण काम उघडायची वेळ आली तशी मी एकेक दिवस मोजतेय.

भावजय

ता. ६ मार्च

ती. ताईंना सा. न.

काल काम उघडलं. हे नको म्हणत असताना मी शिडीखाली जाऊन उभी राहिले. यांनी भारा खांद्यावर घेतला आणि दुसऱ्याच पायरीवर थांबले. टोळीतले खिदळले. तर हे खाली उतरले, अर्धी कौलं जमिनीवर ठेवली, अर्धी घेऊन वर गेले. उतरले. उरलेली घेऊन पुन्हा वर. मुकादम म्हणाला, हे कुठलं नवीन? हे म्हणाले, भारा वर पोचला ना? कितीदा चढायचं ते माझे पाय बघतील. मुकादमानं हजेरीत यांचं नाव चढवलं. मी तिथेच विटांवर बसून रडले.

रात्री तुमचं खोटं सांगून टाकलं. म्हणाले, केव्हाच कळलं होतं, आजारी माणूस इतकं भांडखोर लिहीत नाही.

तुमचा लोभ आहेच. पुढच्या हिवाळ्यातही तो टेकडीवरच्या कचेरीतच पाठवा.

तुमची भावजय