पोळ्याच्या दिवशीचा रस्ता

प्रिय कोकिळे,

तुह्यं सासरचं, धाड गावचं पत्र काकूनं माह्याकडूनच वाचून घेतलं. तिसरीतून शाळा सुटली, तरी तुह्या माईले वाचून दाखवन्यापुरतं येते मले. तुले सातवा लागला हे ऐकलं तशी तिनं उठून माह्या तोंडात साखर घातली. मी काहीच बोलली नाई. तुले ठाऊक हाय, मोठ्या मानसासमोर माह्या तोंडातून शब्द निघत नाई. म्हनून लिवून राह्यली. सासूले वाचून दाखवू नोको.

वैशाखात तू गेली तवा शेटजीच्या जिनच्या नुसत्या भिंती होत्या. आता कापसातून सरकी काढाची मशीन सुरू हाय, आन चहूकडच्या गाड्या आपल्याच गावातून जातेत. आपली आळी रस्त्याच्या अल्याड, विहीर आन दाई पल्याड. घागर घेऊन गाड्याखालून वाकून जा लागते.

जिन सुरू कराच्या आधी सरकारी साहेब रस्ता पाहाले आला होता. किती गाड्या जातेत, आनखी किती मावतीन, हे पाहाचं होतं त्याले. आला तो नेमका पोळ्याले! मानूस परमुलखातला, कारकून सनाले घरी गेलेला. त्या दिवशी कोनीच बैल जुतत नाई हे त्याले कोन सांगन? दिवसभर खुर्ची टाकून बसला. झुली घातलेले बैल मिरवत गेले, गाडी एकही नाई. माहा बा रंगराव पाटलाले म्हने, "पाटील, साहेबाले सांगा, आज बैलाईले सुट्टी हाय, उद्या पाहा म्हना." पाटील म्हने, "सनाच्या पाहुन्याले उद्याचं काय सांगतं बे? पुरनपोळी खाऊ दे त्याले." साहेब जेवला आन लिवून गेला, रस्ता मोकळा हाय.

दिवाळीनंतर गाड्या तुंबल्या तवा गावानं अर्ज केला. मंग रस्त्याच्या दोन्ही कडेले चुना फासलेले गोटे गाडले, गाड्याईनं शिस्तीत जावं म्हनून. आन आपल्या गावच्या कडूबाले तांबडं पागोटं आन शिट्टी देऊन जिनसमोर उभं केलं. पह्यल्याच दिवशी शिट्टीनं बैल बुजले. एक गाडीवान म्हने, "काऊन बे कडूबा, तमाशात लागला का?" तवापासून शिट्टी त्याच्या पोराच्या गळ्यात हाय. गोटे मात्र राह्यले. गाडी एकदा फसली का कडेले उतरताच येत नाई.

आमची आशावयनी गेली, कोकिळे.

बाजाराचा दिवस होता. सकाळीच तिचं पोट दुखाले लागलं. दाई सरस्वतीबाई गाड्याखालून वाकत वाकत आली. हात लावून म्हने, पोर आडवं हाय, जळगावच्या दवाखान्यात न्या. आमची गाडी जिनपर्यंतच पोचली. समोर कापूस, मांगं कापूस. कोनी दुष्ट नव्हतं. गाडीवानाईनं उतरून खांदे लावले, एका म्हाताऱ्यानं तं आपला कापूस मातीत लोटून दिला. पन सरकाले जागाच नव्हती. दादा पयत जाऊन घरून खाट घेऊन आला, तं खाट दोन गाड्याईच्या मधून जाईना. मंग मानसं कापसावर चढली आन वयनीची खाट हातोहात वरून पुढं गेली. वयनी मले म्हने, "सुभद्रे, माहे पाय झाकजो वं." मी गाडीवर चढून झाकले तवा पाय थंड होते. तेवढ्यात जिनचा भोंगा वाजला आन रांग एका गाडीएवढी पुढं सरकली.

पोरही राह्यलं नाई. दादा आता रस्त्याकडं तोंड करून बसतच नाई.

साहेब पुन्हा पाहाले येनार हाय म्हनते. वैशाखात. वैशाखात कापूस सरते, तवा जिन बंद राहीन. पाटील म्हनते, यंदा त्याले आंब्याचा रस खाऊ घालू.

काकूनं तुह्यासाठी कोपऱ्यातली खोली सारवली, डिंक आनून ठेवला. संक्रांत झाली का तुले आनाले गाडी पाठवते. वयनीचं सारं तिच्या डोळ्यासमोर झालं, तरी म्हनते, "पह्यलं बाळंतपन माहेरीच. सगळ्याईच्याच नशिबी तसं नसते." तू यावं म्हनून मी वैशाखापासून वाट पाहून राह्यली कोकिळे, आन आता सांगते, येऊ नोको. कंबर दुखते म्हन, सासू धाडत नाई म्हन, काही बी म्हन. सासूचे टोमने ऐकून घे. धाडची दाई कशी हाय मले माहीत नाई, पन ती तुह्या दारापर्यंत तं पोचन. पोस्टाची पेटी रस्त्याच्या पल्याड हाय. सकाळपासून दोनदा जाऊन वापस आली, गाड्याईची रांग तुटतच नाई. काकूची गाडी याच्या आधी पोचली, तं हे पत्र तुह्या सासूच्या हाती पडन आन तू इथं माह्यासमोर बसली असशीन, तोंडात साखर घेऊन. मंग मी काहीच बोलनार नाई.

तुझीच,
रस्त्याच्या अल्याडची सुभद्री