वेस बांधली त्या दिवशीची मोजणी

१६ एप्रिल
नव्या रस्त्याचा नकाशा माझ्याकडे आला. डोंबिवलीजवळ, आमच्याच गावातून, उंच भरावावर. एका बाजूला गाव, पलीकडे पाडा. पाड्यातली आत्या रोज पायवाटेने येते, अंथरुणावरच्या आईचं सगळं करते, म्हणून मी ठाण्याला ऑफिसात येऊ शकते. भरावाखालून पादचारी बोगदा दाखवलाय. सर म्हणाले, "पायी ये-जा सिद्ध कर, ठेवतो." अट रास्त. पायवाटेवर एक दिवस माणसांची मोजणी लावली. दिवस काका ठरवणार, तो गाव समितीत आहे.

२७ एप्रिल
मोजणी आली. पायवाटेवर दिवसभरात माणसं: शून्य.
कॅमेऱ्यात एक कुत्रं, काही शेळ्या. मग तारीख पाहिली. गावदेवीचा दिवस. सकाळी वेस बांधली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी आत येत नाही, बाहेर जात नाही. त्या दिवशी मी रजेवर, आईजवळ. मोजणी तेव्हाच होती हे मला कुणी सांगितलं नाही.
काकाला विचारलं.
"अगं बाय, त्याच दिवशी सगली मानसं घरात गावतात. एक पन सुटनार नाय. तुझ्या ऑफिसच्या पोरांना येशीबाहेर भाकरी-मटन पाठवलं मी."
माणसं मोजतात म्हणजे घरातली, असं त्याला वाटलं. ओरडता आलं नाही.

२९ एप्रिल
सरांकडे फेरमोजणी मागितली.
"कारण काय लिहू? देवी?" सगळे हसले. "गावाची कनेक्टिव्हिटी वाढतेय बाई, तुझ्याच नकाशात हिरवं दिसतंय."
दिसतंय. हिरवं म्हणजे वेळ वाचतो: गाव ते कल्याण, गाडीने. आत्या ते आई यासाठी रंगच नाही. बोगदा नसेल तर तिला वळसा मोठ्या चौकावरून.

३ मे
फेरमोजणी नाही, बोगदा जाणार, हे आत्याला सांगितलं.
"मंग रिक्षा करीन." उठताना, "रोज नाय जमाचं गं."
तेलाची बाटली एरवी परत नेते. आज आईच्या उशाशी ठेवून गेली. मला दाखवलं, कुठल्या गुडघ्याला किती.

५ मे
नकाशा उद्या जाणार. 'तपासले'पुढे सही माझी. सर म्हणाले, बोगदा नकाशातून तूच काढून टाक, फाइल तुझी आहे. अजून काढलेला नाही.
संध्याकाळी काकाचा फोन.
"बाय, मोजनीत आमी सगलं गावलो ना?"
मी मोजणीचा कागद उलटा ठेवला.
"मंग बोगदा पक्का. आत्याला सांगतो."
नको म्हणायच्या आत फोन ठेवला त्याने.
बोगदा तसाच ठेवून सही केली.