सहा मीटर कमी

प्रिय निकेत,

रागात लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस. आमच्या हेडमास्तरांनी, हरिश्चंद्र सरांनी, सोमवारपर्यंत लेखी माफी मागायला सांगितलंय, नाहीतर माझी नोकरी गेली समज. गुन्हा काय, तर चौथीच्या पोरांना मी शाळेचं मैदान मोजायला लावलं!

पट्टीने वहीच्या कडा मोजून पोरं पार कंटाळली होती. म्हटलं, चला बाहेर. राई गावातली कोळ्यांची पोरं ती, घरी जाळ्याचा दोर वावेने मोजलेला पाहणारी; दोन्ही हात पसरले की एक वाव. विकीच्या मोजणीत मैदान सव्वीस वाव लांब भरलं, शिवांगीच्या अठ्ठावीस. झालं, जुंपली! विकीच्या घरी दोर आजीच मोजते, त्यामुळे वाव जगात सगळ्यांची सारखीच, अशी त्याची खात्री. दोघांना पाठीला पाठ लावून हात पसरायला सांगितले, शिवांगीचे हात आखूड भरले, तेव्हा कुठे पठ्ठ्याला पटलं. मीटर कशाला लागतो हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही बघ.

मग दोरीला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि तीनदा मोजलं. चौतीस! फाटकावरच्या बोर्डावर चाळीस लिहिलंय. विकी म्हणाला, टीचर, बोर्डच खोटा हाय. रद्दी पेपर चिकटवून मीटरभर बाजूचा चौकोन केला. रुंदीला बरोब्बर पंचवीस बसले. म्हणजे असे दीडशे चौकोन शेजारच्या सोसायटीच्या नव्या भिंतीपलीकडे गेलेत, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. पोरांनी सगळं वहीत मांडलं. सर म्हणतात, मॅडम, सिलॅबसमध्ये पट्टी आहे ना, मग भिंतीच्या वाटेला कशाला जाता? मी माफीबिफी मागणार नाही. पोरांचं गणित बरोबर आहे, आणि बरोबर गणितावर मी लाल रेघ मारू? हॅट!

आता तुझ्याबद्दल. मैदानाचा नकाशा काल ऑफिसात पाहिला. यंदाचाच, भिंत झाल्यानंतरचा. लांबी चाळीस मीटर, आणि खाली इंजिनिअर म्हणून सही माझ्या सख्ख्या भावाची. घरी येऊन खूप रडले, खोटं कशाला सांगू? तू जागेवर न जाता सही केलीस की जाऊन केलीस, हे मला विचारायचंही नाही. सोमवारी पालकसभा आहे. पोरं वही वाचतील, मी नकाशा वाचेन, सहीसकट. त्याआधी येऊन तूच खरं सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तर समोर.

तुझीच ताई,
निशिगंधा